मग, काय केलंस वर्षभर?

परत येऊन आठ-दहा दिवस झाले असतील ना गं तुला? बॅग अर्धी रिकामी, अर्धी पलंगाखाली सरकवलेली. चॉकलेटं वाटून झाली. ‘किती वाळलीस’ आणि ‘चांगली भरलीस हं’ ही दोन्ही मतं एकाच संध्याकाळी ऐकून झाली. आणि आता खरी परीक्षा सुरू झालीय. ‘मग, काय केलंस वर्षभर?’ हा पहिला प्रश्न, आणि त्याच्या पाठोपाठ, दमही न खाता, ‘आता पुढे काय?’

उत्तर तुझ्याकडे आहे, पण तोंडातून बाहेर पडेपर्यंत ते एवढंसं होऊन जातं. ‘जर्मनीत ओ-पेअर होते.’ म्हणजे काय? म्हणजे एका कुटुंबात राहायचं, त्यांची मुलं सांभाळायची, घरकामाला थोडा हात लावायचा आणि जर्मन शिकायचं. समोरच्या काकूंच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं, ‘एवढं शिकवून पोरगी लोकांची पोरं सांभाळायला धाडली!’ त्या बोलत नाहीत, पण तुला ऐकू येतं. मैत्रिणींपैकी एकीचं एम.कॉम.चं पहिलं वर्ष झालं, एक हिंजवडीत नोकरीला लागली, एकीचा साखरपुडा झाला. रात्री पडल्या पडल्या तू हिशेब मांडतेस आणि तो काही केल्या जुळत नाही.

खरं सांगू का, या दिवसांतून मी गेलेय. तुझ्या बऱ्याच आधी, तेव्हा ओ-पेअरला महिन्याचा खर्च म्हणून 260 युरो मिळायचे, तुम्हाला 280 मिळाले. पुण्यात जर्मनचे वर्ग, मग स्टुटगार्टजवळ नेकार नदीकाठच्या एसलिंगनमध्ये एका घरी वर्षभर, दोन मुलांबरोबर. त्यामुळे मोठ्या बहिणीच्या हक्कानं थोडं बोलते. ऐकून घे, मग तुला काय करायचं ते तू कर.

आधी त्या ‘गॅप’चं बघू, कारण तो शब्द तुला लवकरच कागदावर भेटणार आहे. पुढच्या प्रवेशाला गेलीस की खिडकीपलीकडून सांगतील, गॅपचं ॲफिडेव्हिट आणा. स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की अमुक वर्षी शिक्षणात खंड पडला, त्या काळात दुसरीकडे कुठे प्रवेश घेतला नव्हता, आणि खंड का पडला. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसलेल्या टायपिस्टकडे याचा मजकूर तयारच असतो, फक्त नाव बदलायचं. माझ्या वेळी कारणाच्या जागी त्यानं ‘घरगुती अडचणीमुळे’ असं ठोकून दिलं. मी म्हटलं, ‘काका, अडचण नव्हती, मी हौसेनं गेले होते.’ ते म्हणाले, ‘बाई, सगळे हेच लिहितात, हे चालतं.’ चालतं, हे मलाही कळत होतं. तरी मी तिथेच उभी राहिले आणि ‘जर्मन भाषा शिकण्यासाठी परदेशी वास्तव्य’ असं नव्यानं टाइप करून घेतलं. पैसे दुप्पट गेले, शिवाय मागे रांगेत उभ्या असलेल्या गृहस्थांनी ‘च्’ केलं ते वेगळंच.

एक वर्ष आधीची मी असते ना, तर ‘बरं काका’ म्हणून अडचणीचा कागद घेऊन घरी आले असते. सांगायचं एवढंच आहे बघ. आपल्याला काय हवं, काय नको आणि का, हे आपल्याच तोंडानं, न चिडता, न रडता सांगता येणं, हे या वर्षाचं कमावलेलं. बाकी भाषा, बर्फ, फोटो वगैरे सगळं त्याच्या नंतर.

तुला वाटेल, यात काय मोठंसं? मोठंच आहे गं. आपण वाढतो कशा ते आठव. आपल्याकडे मनातलं ओळखणं म्हणजे माया. तू ‘नको’ म्हणालीस तरी आई वाढणार, तिनं वाढावं म्हणूनच तू ‘नको’ म्हणणार. पाहुण्यांकडे गेलं की पहिल्या ‘घ्या’ला हात आखडायचा, तिसऱ्या ‘घ्या’ला लाडू उचलायचा. मला हे सगळं पाठ. तिकडे पहिल्याच आठवड्यात संध्याकाळच्या जेवणाला बसले. जेवण म्हणजे काय, तर पाव, चीज, लोणच्यातल्या काकड्या, टोमॅटो, सगळं गार. घरच्या बाईंनी पावाची टोपली पुढे केली, मी आपल्या रीतीप्रमाणे म्हटलं, ‘नको, पुरे.’ त्यांनी मान डोलावली आणि टोपली पुढे सरकवली. दुसरं ‘घ्या’ आलंच नाही. रात्री खोलीचं दार लावून आईनं दिलेला भाजक्या पोह्यांचा चिवडा डब्यातून मुठीमुठीनं खाल्ला. तिसऱ्या दिवशी मला अक्कल आली आणि मी सरळ म्हटलं, ‘मला अजून एक पाव हवाय.’ कुणी दचकलं नाही. टोपली आली. हवं ते मागून मिळतं आणि मागणाऱ्याला कुणी हावरट म्हणत नाही, हे मला त्या टेबलावर कळलं. तुलाही असंच कुठेतरी कळलं असेल, फक्त तू त्याची नोंद घेतली नाहीस.

आणि त्या बाईंना हाक काय मारायची, हा घोळ तर विचारूच नकोस. त्या म्हणाल्या, नावानं हाक मार. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावानं? जीभ वळेना. मग काय, हाक मारायची वेळ आली की मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहायची आणि त्यांनी वर बघायची वाट बघायची! ‘ही पोरगी मांजरासारखी येते,’ असं त्या नवऱ्याला म्हणाल्याचं पुढे कळलं.

तासांचंही तसंच. नियम तुला पाठ असतील: आठवड्याला जास्तीत जास्त 30 तास काम, दिवसाला 6 तासांच्या वर नाही, आठवड्यातून दीड दिवस सुट्टी, निदान चार संध्याकाळी मोकळ्या. करारावर सही करताना सगळं वाचलेलं असतं. पण प्रत्यक्षात कुणी करार मोडायला येत नाही गं, येतं ते ‘तुला जरा वेळ आहे का?’ असं हसतमुखानं विचारायला. आपण ‘हो’ म्हणतो, मग आतल्या आत धुमसतो, मग रात्री आईला फोनवर सांगतो, ‘फार काम पडतं गं.’ तेही धड जमत नाही, कारण हिवाळ्यात तिकडे रात्रीचे आठ वाजले की इकडे साडेबारा झालेले असतात.

तर एकदा शुक्रवारी मी धीर केला. वाक्य आधी वहीत लिहून, दोनदा आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. स्वयंपाकघरात गेले आणि म्हटलं, ‘या आठवड्याचे माझे 30 तास झालेत. उद्या संध्याकाळी मी थांबू शकत नाही.’ छातीत नुसती धडधड. बाईंनी फ्रिजवरचं कॅलेंडर ओढलं, पेन्सिलीनं मोजलं आणि म्हणाल्या, ‘बरोबर आहे. आजीला बोलावते.’ आणि परत कांदा चिरायला लागल्या! मी तिथेच उभी. पुढे काय बोलायचं ते मी तयारच केलं नव्हतं, कारण माझ्या डोक्यात यानंतर भांडण होतं.

बघ, असे प्रसंग आपण कुणाला सांगत नाही. सांगतो ते उल्मच्या चर्चच्या 768 पायऱ्या चढल्याचं, किल्ल्यांचं, नाताळच्या बाजाराचं. तेही छानच. तुम्हाला तर ते महिन्याच्या तिकिटाचं नवं सुख, 2023 पासूनचं, एका पासावर देशभरातल्या लोकल गाड्या. भटकलीस ते चांगलंच केलंस. पण बाहेर फिरताना माणूस बदललं असेलही-नसेलही. स्वयंपाकघरात मात्र नक्की बदलतं.

मुलांनी काय शिकवलं ते आठव. थंडीत तीन वर्षांच्या पोराला बाहेर न्यायचं म्हणजे काय सोहळा असतो! मोजे, जाड पँट, वरून पाण्याची पँट, बूट, जाकीट, टोपी, हातमोजे. सगळं चढवून दाराशी आलं की त्याला शू लागणार. आपल्या हातांना सवय की पटकन आपणच घालून टाकावं, उशीर होतोय. पण त्यांच्या बालवाडीत शिकवलेली एक युक्ती होती. जाकीट उघडं करून जमिनीवर पसरायचं, कॉलर आपल्या पायांकडे. पोर वाकतं, दोन्ही हात बाह्यांत घालतं आणि सगळं जाकीट डोक्यावरून मागे उडवतं. अंगात! दहातल्या सात वेळा टोपी पडते, एक बाही उलटी राहते, मग पुन्हा पहिल्यापासून. मी हात मागे बांधून उभी राहायला शिकले. ‘थांब, मी घालते’ हे वाक्य गिळायला जेवढी ताकद लागते ना, तेवढी 768 पायऱ्यांना लागत नाही. आणि जमल्यावर त्या पोराच्या तोंडावर जे काही यायचं, ते बघून मला कळलं की आपल्याला इतकी वर्षं किती जणांनी किती जाकिटं मायेनं घालून दिलीत.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. सगळ्यांचं वर्ष असं जात नाही. काहींना घर चांगलं मिळत नाही. मुलांच्या नावाखाली अख्ख्या घराची साफसफाई गळ्यात पडते, वर्गाला जायला वेळ देत नाहीत, सुट्टी पुढे पुढे ढकलतात. काही जणी अर्ध्यातून घर बदलतात, काही परत येतात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो, रविवारी दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि खोलीत तू एकटी. त्या अंधारानं भल्याभल्या मुली खचतात. तुझंही असं काही झालं असेल, तर ‘खूप शिकायला मिळालं’ असं म्हणून त्यावर पांघरूण घालू नकोस. वाईट होतं तर वाईट होतं म्हण. त्रासातून गेलं की माणूस मोठं होतंच, असं काही नसतं. नुसता त्रासही होतो. पण त्या त्रासात तू एक तरी पाऊल स्वतःहून उचललं असशील: कुणाला तरी फोन केलास, घर बदललंस, किंवा परतीचं तिकीट काढलंस. लवकर परत आलेली मुलगी हरलेली नसते. जिथे नको होतं तिथून उठून यायला तिला जमलं.

मग आता घरी काय होतंय, तेही मला दिसतंय. ताटात तिसरी पोळी पडली, तू म्हणालीस ‘नको’, आणि यावेळी तुझं ‘नको’ खरंच ‘नको’ होतं. आई हिरमुसली. बाबांनी न विचारता कुठल्याशा क्लासची चौकशी करून ठेवली, तू म्हणालीस ‘आधी मला विचारायला हवं होतं’. त्यावर आत्या म्हणाली, ‘तिकडे जाऊन उद्धट झालीय पोरगी.’ आणि तू खोलीत जाऊन रडलीस. बरोबर ना?

उद्धट नाही झालीस गं. पण एक ऐक, तिकडची वाक्यं तशीच्या तशी इथे आणू नकोस. फ्रिजवरच्या कॅलेंडरापुढे जे वाक्य सरळ वाटतं, तेच देवघरापुढे आईला फटकन लागतं. म्हणणं तेच ठेव, सूर बदल. ‘मला पोळी नकोय’ ऐवजी ‘आई, आमटी घाल अजून, पोळी पुरे’ म्हण, तिच्या हाताला काम मिळेल आणि तुझं पोटही वाचेल. बाबांना म्हण, ‘चौकशी केलीत ते बरं झालं, पण ठरवायला मला महिनाभर द्या.’ महिनाभर म्हटलंस की महिन्यानं सांगायचं मात्र, नाहीतर तुझ्या शब्दाला किंमत राहणार नाही. आत्याला काही म्हणू नकोस. काही आत्यांना वेळ द्यावा लागतो. माझ्या आत्याला चार वर्षं लागली, आता स्वतःच्या नातीला म्हणते, ‘तिच्यासारखं स्पष्ट बोलायला शिक.’

आणि एक चांगली चाल तिकडून उचल. दक्षिणेकडे राहिली असशील तर पाळीची पाटी पाहिली असशील. या आठवड्यात जिना झाडायची पाळी ज्यांची, त्यांच्या दारावर पाटी टांगलेली. ना टोमणे, ना कुढणं, ना ‘मीच मेली करते सगळं’. घरी तू पाटी टांगू नकोस, आई तुलाच टांगेल. पण मंगळवार आणि शुक्रवारचा रात्रीचा स्वयंपाक माझा, असं जाहीर कर आणि खरंच कर. वर्षभर दुसऱ्याच्या ओट्यावर राबलेली पोरगी स्वतःच्या घरी ओट्याला हात लावत नाही, हे आईच्या मनात सलत असतं. ती बोलणार नाही. मी बोलते.

त्या ‘काय केलंस’वाल्या काकूंसाठी एक उत्तर तयार ठेव, दोन वाक्यांचं. ‘एका जर्मन घरात राहून दोन मुलांची जबाबदारी घेतली आणि भाषा शिकले. आता त्याच भाषेत पुढची परीक्षा देतेय.’ बस. कमीपणाचा सूर नको, फुशारकीही नको. ‘पुढे काय’ला, ‘ठरलं की पेढे घेऊन येते’ एवढं पुरे. त्यापुढे त्यांच्या मुलाची चौकशी कर, गाडी आपोआप त्या रुळावर जाते.

आता कामाचं बोलू. एक वही घे आणि या आठवड्यात एक यादी कर. ‘मी काय शिकले’ अशी निबंधातली नको. ‘मी एकटीनं काय काय पार पाडलं’ अशी कर. पोचल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेच्या कचेरीत पत्त्याची नोंद केलीस. बँकेत खातं उघडलंस. धाकट्याला ताप आला तेव्हा डॉक्टरांकडे फोन करून मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये वेळ घेतलीस. शेवटची गाडी रद्द झाली तेव्हा रात्री घरी पोचलीस. महिन्याचे 280 युरो पुरवलेस, त्यातून थोडे शिल्लकही टाकलेस. कुठली काच कुठल्या रंगाच्या पेटीत टाकायची तेही शिकलीस, आणि मी रविवारी बाटल्या टाकायला गेले तसं तू केलं नसशील तर शेजारच्या आजोबांची बोलणीही वाचली असतील. लिहीत जा. यादी पान भरून होईल. मुलाखतीत ‘हे वर्ष रिकामं का?’ असं विचारलं की याच पानातले दोन प्रसंग सांगायचे. ‘माझा आत्मविश्वास वाढला’ असं कुणीही म्हणतं, ताप आलेल्या पोराची गोष्ट फक्त तुझ्याकडे आहे.

त्या कुटुंबाशी बरे संबंध असतील तर त्यांच्याकडून एक शिफारसपत्र मागून घे. तू किती महिने होतीस, काय काय सांभाळलंस, भाषा किती सुधारली, सही आणि तारीख. मागायला लाजू नकोस. मागितल्याशिवाय तिकडे कुणी देत नाही, हे आता तुला मी सांगायला नको. आणि मुलांना अधूनमधून व्हिडिओ कॉल कर. पोरं पटकन विसरतात, त्याचं वाईट वाटून घेऊ नकोस. मी दुसऱ्यांदा फोन केला तर आमचा धाकटा मला ट्रॅक्टर दाखवून पळून गेला होता.

परत तिकडेच शिकायला जायचं मनात असेल तर तेही आताच मोकळेपणानं घरी बोल, कारण त्याचा हिशेब वेगळा आहे. विद्यार्थी म्हणून जाताना वर्षाच्या खर्चाचे जवळपास 12,000 युरो आधी बंद खात्यात दाखवावे लागतात, आणि ओ-पेअरचा व्हिसा तर दुसऱ्यांदा मिळत नाही. नसेल जायचं तरी काही बिघडत नाही. परदेशात राहून आलं म्हणजे परदेशातच आयुष्य काढलं पाहिजे, असा काही नियम नाही. मी परत आले, इथेच राहिले, आणि मजेत आहे.

शेवटचं, आणि हे मात्र दटावून सांगते. भाषा ही वापरली नाही तर गंजणारी वस्तू आहे. इथे आल्यावर सहा महिन्यांत निम्मे शब्द उडतात. त्यामुळे आठवण ताजी आहे तोवर बी-वनची परीक्षा देऊन टाक. वाचन, ऐकणं, लेखन, बोलणं असे तिचे चार भाग असतात, एकेक सुटाही देता येतो, आणि प्रत्येकात 100 पैकी 60 मिळवायचे. बोलणं आणि ऐकणं तुला आता झोपेतही जमेल, लेखनाला थोडी मेहनत घे. पुढच्या तारखा आजच बघ, फॉर्म भर, आणि भरलास की मला एक मेसेज टाक. उगाच ‘बघू, बघू’ करत बसू नकोस.